श्रीरंगाला ऐकू आलेला नाद

“आन् त्यो आवाज कुठल्या अंगानं येतोय म्हणालास?” बाबांनी विचारलं.

“आतून, बाबा.”

“आतून म्हंजे?”

“म्हणजे... बाहेरून नाही. अगदी डोक्याच्या गाभ्यातून. बारीक, अखंड. रातकिड्यासारखा.”

बाबा ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी एक शेंग उचलली, उलगडली, दाणे परातीत टाकले.

“कवाधरनं?”

“आठवडा झाला असेल. मला आधी खात्री करून घ्यायची होती. उगाच सांगायचं आणि मग...” श्रीरंगानं मान खाली घातली. नम्र दिसणं त्याला फारसं जमायचं नाही. पण आज त्यानं मनापासून प्रयत्न केला.

पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, नाथपंथी साधूंचा हा मठ. मोठा म्हणावा असा मुळीच नाही. एक समाधी, एक धुनी, एक विहीर आणि त्या विहिरीच्या जिवावर वाढलेली ऐसपैस बाग. केवळनाथबाबा तिथले महाराज. वय झालेलं, गुडघे गेलेले. आवाज इतका मऊ आणि बारीक झालेला की त्यांचं बोलणं ऐकायचं तर माणसाला जवळ सरकून बसावं लागे. इठाबाई स्वयंपाक बघायची. उरलेलं सगळं श्रीरंग बघायचा.

श्रीरंग पूर्वी सांगलीत एका क्लासमध्ये गणित शिकवायचा. ते सोडून तो दीक्षा घ्यायला इथं आला. बाबांनी त्याला ठेवून घेतलं, जेवू घातलं, कामाला लावलं. दीक्षेचं विचारलं की म्हणायचे, “बघू की.” त्या ‘बघू की’वर तीन पावसाळे गेले.

यंदा मात्र बाबांनी स्वतःहून सांगितलं होतं. दत्तजयंतीच्या पहाटे मंत्र देतो.

या मठातला मंत्र कुठं लिहिलेला नाही. गुरू तो शिष्याच्या कानात सांगतो, श्वासासारख्या आवाजात, आणि एकदाच. ऐकला तर ऐकला. पुन्हा विचारायचं नाही.

त्या एका क्षणासाठी श्रीरंग तीन वर्षं जगत होता. आणि आता तर, त्याच्या मते, मंत्राच्या आधीच फळ हातात आलं होतं. योग्याला आतून ऐकू येतो म्हणतात तो अनाहत नाद, कुणी न वाजवता वाजणारा, त्याला ऐकू येऊ लागला होता.

“पोथ्यांमध्ये असंच सांगितलंय, बाबा. आधी किड्याची किरकिर, मग घंटा, मग शंख. म्हणजे पहिली पायरी झाली.”

“हं...” बाबा म्हणाले. “पयल्यांदा ऐकलास तवा काय करत हुतास?”

“काही नाही. बागेतलं काम संपवून नुकतंच मशीन बंद केलं होतं. एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत...”

“मशीन बंद केल्यावर.”

“हो.”

बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मशीनचं सांगायला हवं. यंदा पाऊस असा पडला की बागेतलं गवत पुरुषभर वाढलं. समाधीच्या वाटेवर दोनदा घोणस दिसली. तेव्हा कराडच्या एका भक्तानं गवत कापायचं पेट्रोलवरचं मशीन आणून दिलं. पट्टा खांद्याला अडकवायचा, दोरी ओढायची, आणि खाली पातं गरगरायला लागलं की गवत आडवं. काम झकास, पण आवाज असा की डोंगरापलीकडच्या म्हशींनी वैरण सोडावी.

मशीनबरोबर कानांवर बसवायच्या दोन जाड गाद्या आल्या होत्या, वरून पट्टीनं जोडलेल्या. आणून देणारा त्यांना इअरमफ म्हणाला. इठाबाई म्हणाली, “ह्या कानाच्या वाट्या.” श्रीरंगानं त्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या आणि गोठ्यातल्या खुंटीला टांगून टाकल्या.

ज्याला मन आवरता येतं त्याला कान झाकायची काय गरज? उलट हीच तर तपश्चर्या. एवढ्या गोंगाटात उभं राहायचं, आत जप चालू ठेवायचा, आणि मन तसूभरही हलू द्यायचं नाही. रोज सकाळी न्याहरी झाली की तो जो सुरू करायचा तो ऊन डोक्यावर आल्यावरच थांबायचा. दुपारी पुन्हा. आणि खरंच, मन हललं नाही. पुढे तो नाद आला, तेव्हा गणिताच्या मास्तरनं दोन आणि दोन मांडले आणि उत्तर काढलं. बिचाऱ्याची मांडणीच चुकली होती, पण उत्तर इतकं गोड होतं की ताळा करावासा वाटला नाही.

“सकाळी उठल्यावर असतोय का?” बाबांनी विचारलं.

“आधी रात्रीतून विरायचा. आता सकाळीही असतो. वाढतोय, बाबा!”

“आनखी काय व्हतंय?”

“आणखी... जग जरा लांब गेल्यासारखं वाटतं. माणसं बोलतात ती गोधडीआडून बोलल्यासारखी. हल्ली लोक बोलतातही फार तोंडातल्या तोंडात, पण ते सोडा. मला वाटतं, वैराग्य म्हणतात ते हेच.”

स्वयंपाकघरातून इठाबाईनं डोकं बाहेर काढलं. “मास्तर, जरा हळू बोला की! दूध नासंल माझं.”

“मी हळूच बोलतोय!” श्रीरंग म्हणाला.

कुंपणावरचा कावळा उडून गेला.

बाबांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग त्यांनी परात बाजूला सरकवली.

“डोळं मीट. बस नीट. त्या नादावर ध्यान लाव. मी बोलावल्याबिगर उठू नगो.”

श्रीरंगाच्या छातीत लख्ख झालं. परीक्षा! त्यानं मांडी घातली, पाठ ताठ केली, डोळे मिटले.

आत नाद होताच. बारीक, धारदार, न थांबणारा. तो त्यात शिरला. घंटा कधी लागते याची वाट बघू लागला.

बाबा बोलावतील तेव्हा बोलावतील.

पायाला मुंग्या आल्या. त्या गेल्या आणि पाय नाहीसाच झाला. कलत्या उन्हाची ऊब पाठीवरून उतरली. बाबा धीर पाहताहेत, त्याच्या मनात आलं. मग वाटलं, विसरले की काय? मग वाटलं, नाही, माझी समाधी लागली असं समजून ते मुद्दाम थांबलेत. हे शेवटचं त्याला फार आवडलं.

कुणीतरी खांदा हलवला. श्रीरंगानं डोळे उघडले.

बाबा त्याच्या मागं, अगदी हाताच्या अंतरावर बसले होते. इठाबाई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला होता.

“बोलावलंत, बाबा?”

इठाबाईच मोठ्यानं बोलली. “कवाधरनं हाका मारत्यात! श्रीरंगा, श्रीरंगा... गळा सुकला त्यांचा.”

“मी ध्यानात होतो,” श्रीरंग म्हणाला. “बाहेरचं कसं ऐकू येणार?”

बाबांनी मान हलवली. ते पुढे येऊन त्याच्यासमोर बसले. गुडघे दुमडताना त्यांना त्रास झाला. त्यांनी खांद्यावरचा पंचा घेतला आणि त्याचं टोक आपल्या तोंडासमोर पडद्यासारखं धरलं.

श्रीरंग बघत राहिला.

पंचा हलत होता. बाबांच्या श्वासानं आत जायचा, बाहेर यायचा. म्हणजे पंच्यामागं शब्द होते. बाबा बोलत होते, त्याच्याशीच बोलत होते, डोळे त्याच्यावरच होते.

ऐकू येत होता फक्त रातकिडा.

“बाबा...?”

बाबांनी पंचा खाली घेतला. “आता?”

हे कळलं. पण कसं कळलं तेही श्रीरंगाला त्याच क्षणी कळलं. तो कानांनी ऐकत नव्हता. आठवडाभर तो लोकांच्या ओठांकडे बघत होता.

इतका वेळ अंगात भरलेली सगळी धन्यता पायांतून निघून गेली.

“हा... नाद नाही?”

“न्हाई, लेकरा.”

“मग काय आहे?”

“कान रडतोय तुझा,” बाबा म्हणाले. “आन् तू त्येला नमस्कार घालतोयस.”

श्रीरंग एकदम उसळला. माणूस सगळ्यात जास्त घाबरला की आधी भांडतो, तसं त्याचं झालं.

“मी सहन केलं, बाबा! ते मशीन एवढं गरजत होतं आणि माझं मन हललं नाही. एकदाही नाही!”

“मन न्हाई हाललं.”

“मग?”

“कान मोडला.”

“पण ज्याला साधना करायची त्यानं आवाजाला भ्यायचं? कानांवर गाद्या बांधून फिरायचं?”

“धुनीत हात घालून बसतोस का?”

“नाही.”

“का? मन आवर की.”

श्रीरंगानं नकळत हात मागं घेतला.

“ध्यानाला बसताना डोळं मिटतोस. त्यात काय डोळ्याला कमीपणा येतोय?”

श्रीरंगाचं आता या प्रश्नाकडे लक्ष नव्हतं. दत्तजयंतीची पहाट त्याच्या डोळ्यांसमोर आली होती. बाबा वाकलेत, ओठ हलतायत, आणि आपल्याला किरकिर तेवढी ऐकू येतेय. पुन्हा विचारायचं नाही.

“मंत्र ऐकू आला नाही तर, बाबा?” त्याचा आवाज फुटला. “मी काय करू?”

आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला. बाबांनी त्याचं डोकं जवळ घेतलं आणि आपले दोन्ही तळवे त्याच्या कानांवर ठेवले. म्हातारे, खरखरीत, गरम तळवे. बाबा काही बोलले असतील तर ते त्याला कळलं नाही. पण बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते कराडला गेले. श्रीरंग म्हणाला, मी एकटा जातो, तुमचे गुडघे... बाबा आधीच गाडीत चढून बसले होते.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका बंद खोलीत बसवलं, कानांना यंत्र लावलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडून श्रीरंगाला बाबा दिसत होते. त्यांचे डोळे त्याच्या अंगठ्यावर होते. अंगठा बराच वेळ हलला नाही की बाबांचे ओठ घट्ट मिटायचे.

“कुठं काम करता?” डॉक्टरीणबाईंनी मोठ्या आवाजात विचारलं. “कारखान्यात?”

“मठात,” श्रीरंग म्हणाला.

त्यांनी त्याच्या भगव्या पंच्याकडे पाहिलं आणि मग सगळी हकिगत ऐकून घेतली. हसू त्यांनी आवरलं, याबद्दल श्रीरंग पुढे कायम त्यांचा ऋणी राहिला.

“कानाच्या आत नाजूक केसांसारखं असतं,” त्या म्हणाल्या. “आवाज जास्त झाला की ते गवतासारखं लोळतं. थोडं लोळलं असेल तर विश्रांतीनं उभं राहतं. मोडलं असेल तर ते पुन्हा उगवत नाही. किती मोडलंय ते थोड्या दिवसांनी कळेल. तोवर मशीनच्या जवळ जायचं नाही. आणि मशीनबरोबर कानांवर घालायचं काही दिलं नव्हतं का?”

“दिलतं,” बाबा म्हणाले.

“मग ते कुठंय?”

“खुंटीवर.”

श्रीरंगानं जमिनीकडे पाहिलं.

परतल्यावर मठ गप्प झाला. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण झाला. आरतीला मोठी घंटा वाजेना, बाबा नुसते टाळ्या वाजवत. इठाबाई चटणी कुटायला खलबत्ता उचलून थेट गोठ्यामागं जायची. एवढी जड वस्तू कमरेवर घेऊन ती रोज का जाते, हे श्रीरंगाला दोन-तीन दिवस उमगलं नाही. उमगलं तेव्हा तो विहिरीवर जाऊन एकटाच बसला.

या मठाचा एक जुना परिपाठ होता. पहाटे आरतीच्या आधी सगळ्यांनी बागेत बसायचं, आणि उठताना प्रत्येकानं आपण ऐकलेला सगळ्यात बारीक आवाज सांगायचा. बस, एवढंच. यात श्रीरंगाचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा त्यानं गोगलगाय पान खाते त्याचा आवाज सांगितला होता. तेव्हा इठाबाईनं विचारलं होतं, “चावती का चघळती, मास्तर?” आणि त्यावर तो दिवसभर रुसून बसला होता.

आता बाबा विचारायचे, “काय ऐकलंस?”

“काही नाही.”

“बरं.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. “काय ऐकलंस?”

“काही नाही, बाबा.”

“बरं.”

इतक्या वर्षांत त्याला या प्रश्नाचं उत्तर खोटं द्यावंसं वाटलं नव्हतं. आता रोज वाटायचं. चिमणी म्हणावं, पान म्हणावं, कोण बघतंय? पण बाबांच्या त्या ‘बरं’मध्ये कसलाच राग नसायचा. त्यामुळे खोटं बोलायला काही आधारच मिळत नव्हता.

मग एका पहाटे तो दचकला. “पाणी,” तो म्हणाला. “विहिरीत वरून पाणी ठिबकतंय.”

बाबांनी डोळे मिटले. “ठिबकतंय खरं,” ते म्हणाले, आणि पंच्यानं तोंड पुसायचं निमित्त करून बराच वेळ पुसत बसले.

उरलेलं गवत तसंच वाढत होतं. उत्सवाला गर्दी होणार, लेकरं धावणार, आणि साप काही उत्सव बघून वाट बदलत नाही. शेवटी गावातून गणपाला बोलावलं. धिप्पाड गडी. त्यानं मशीन उचललं ते लाकडाची ढलपी उचलावी तसं. दोरीला हात घातला, तेवढ्यात श्रीरंग त्याच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. हातात त्या कानाच्या वाट्या होत्या.

“ह्या घाला.”

“काय व्हत न्हाई, मास्तर. सवय हाय आपल्याला.”

“सवय कानाला होत नाही, गणपा. ऐकू येईनासं होतं, त्याला आपण सवय म्हणतो. घाला.”

“हे घालून म्या येड्यावानी दिसीन.”

“मला नाद ऐकू आला होता,” श्रीरंग म्हणाला. “त्यापेक्षा हे बरं दिसेल.”

गणपाला काही कळलं नाही, पण मास्तरच्या तोंडाकडे बघून त्यानं वाट्या घातल्या. श्रीरंगानं त्या नीट बसवल्या, कानावरचे केस बाजूला केले, फट राहिली नाही ना ते बोटानं चाचपलं. लेकराला कुंची बांधावी तसं ते चाललं होतं. मग तो लांब विहिरीपलीकडं, जिथं आवाज विरून येत होता तिथं जाऊन बसला, आणि थोड्या थोड्या वेळानं पंचा हवेत फिरवू लागला. तो दिसला की गणपानं मशीन बंद करायचं, सावलीला बसायचं, पाणी प्यायचं. काम एका दिवसाचं दोन दिवसांवर गेलं. बाबांनी ते सगळं ओट्यावरून पाहिलं.

उत्सवाच्या आदल्या आठवड्यात श्रीरंग पुन्हा कराडला गेला. या वेळी एकटाच.

डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला. डावा कान जवळजवळ पूर्ववत झाला होता. उजवा नाही. त्यातलं बारीक ऐकणं गेलं होतं, आणि गेलं ते गेलं. मशीनचं इंजिन त्याच बाजूला असायचं.

“कुणी समोरून नीट बोललं तर कळेल तुम्हांला,” त्या म्हणाल्या. “कुजबुज मात्र या कानाला नाही येणार.”

मठात आल्यावर बाबांनी विचारलं, “काय म्हणाल्या?”

“बरंच सुधारलंय,” श्रीरंग म्हणाला.

हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं, आणि ते त्याला रोज टोचत राहिलं.

दत्तजयंतीची पहाट झाली. थंडी अशी की विहिरीच्या पाण्यावर वाफ धरलेली. श्रीरंगानं आंघोळ केली, ओल्या पंच्यानंच समाधीसमोर येऊन बसला. इठाबाईनं धुनी पेटवून ठेवली आणि ती दारापाशी थांबली. बाबा आले. एका हातानं भिंत धरत, एक एक गुडघा दुमडत ते खाली बसले. उजव्या बाजूला.

मंत्र उजव्या कानात द्यायचा. बाबांना त्यांच्या गुरूंनी तसाच दिला होता, आणि त्यांना त्यांच्या गुरूंनी. या मठाचा एकही शिष्य दुसऱ्या बाजूनं झालेला नव्हता.

बाबा वाकले. त्यांचा श्वास कानाला लागला.

श्रीरंगाला ठाऊक होतं, आता काय करायचं असतं. गप्प बसायचं. बाबांचे ओठ थांबले की मान हलवायची, पायांवर डोकं ठेवायचं. झाली दीक्षा. मंत्र आला की नाही हे जन्मभर कुणालाही कळणार नाही. दोन महिन्यांपूर्वीचा श्रीरंग असता तर त्यानं मान हलवली असती, आणि वर आपल्याला कोणता मंत्र मिळाला असेल हेही स्वतःच ठरवून टाकलं असतं.

“थांबा, बाबा...”

बाबा थांबले.

“मी तुम्हांला सगळं सांगितलं नाही.” त्याला वर बघवेना. “हा कान... याला बारीक आवाज येत नाही. येणारही नाही. तुम्ही सांगाल ते मला ऐकूच येणार नाही, बाबा.”

धुनीतलं लाकूड कलंडलं. इठाबाई पुढे आली आणि थबकली.

“आन् डावा?” बाबांनी विचारलं. त्याला कळावं म्हणून जरा पुढे वाकून, तोंड समोर आणून विचारलं.

“डावा बरा आहे. पण मंत्र डाव्या कानात देत नाहीत. मला माहीत आहे. इतक्या पिढ्यांचा नेम आहे, तो माझ्या मूर्खपणापायी मोडू नका. माझंच चुकलं. मी असाच राहीन इथं... बाग बघेन. मला चालेल.”

चालणार नव्हतं. ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं आणि बाबांना तेवढं वाचता येत होतं.

बाबांनी एक हात जमिनीला टेकला. दुसरा श्रीरंगाच्या खांद्यावर ठेवला आणि त्याच्यावर सगळा भार टाकून, हळूहळू, कण्हत ते उभे राहिले. श्रीरंगाला वाटलं, चालले. त्यानं डोळे मिटून घेतले.

खांद्यावरचा हात सुटला नाही. तो पाठीवरून फिरत फिरत दुसऱ्या खांद्यावर आला.

“सरक जरा तिकडं,” बाबा म्हणाले. “मी या अंगाला बसतो.”